कोलेस्टेरॉलसाठी तेल-तूप नक्की कसं बदलायचं: स्वयंपाकघरातल्या हिशेबापासून दुसऱ्या रिपोर्टपर्यंत

रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं आलं की घरात पुढे काय होतं ते मला आता पाठ झालंय. तूप बंद, तेल जवळपास बंद, शेंगदाणे बंद, अंडं बंद, आणि त्या जागी सकाळी चहाबरोबर मारी बिस्किटं, दुपारी कोरडी पोळी-भाजी, संध्याकाळी मुरमुरे, रात्री भूक भागत नाही म्हणून भात जरा जास्त. तीन महिन्यांनी परत टेस्ट केली की एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात) जेमतेम हललेलं असतं, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) वर गेलेलं असतं, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) अजून खाली, आणि माणूस वैतागून म्हणतो की एवढं सगळं सोडून काही फरक नाही, मग आता जाऊदे.

मी कोथरूड-कर्वेनगर भागात आहारसल्ल्याचं काम करते आणि हाच प्रकार इतक्यांदा बघितलाय की एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. चूक मनाच्या तयारीत नसते, क्रमात असते. फॅट काढलं पण त्या जागी काय आलं हे कोणी बघितलंच नाही, आणि रिपोर्ट बराचसा त्यावरच ठरतो. हे सगळं मोठ्या माणसांसाठी लिहिलंय. लहान मुलांचं खाणं याप्रमाणे बदलू नका, दोन वर्षांखालच्या बाळाला तर कमी फॅटचं दूध अजिबात देऊ नका.

१. आधी रिपोर्ट नीट वाचा

बहुतेक जण फक्त 'टोटल कोलेस्टेरॉल' बघतात. त्याच्यावरून काही ठरवू नका, कारण त्यात एचडीएल पण मोजलेलं असतं आणि ज्या बाईचं एचडीएल ७० आहे तिचं टोटल उगाच भीतीदायक दिसतं. हे तीन आकडे कागदावर लिहा: एलडीएल, ट्रायग्लिसराईड, आणि टोटलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा, ज्याला नॉन-एचडीएल म्हणतात. आपल्याकडे पुष्कळ लोकांचं एलडीएल थोडंच वाढलेलं असतं पण ट्रायग्लिसराईड जास्त आणि एचडीएल कमी अशी जोडी असते, त्यांच्यासाठी नॉन-एचडीएल जास्त उपयोगी पडतं.

अजून एक गोष्ट, बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यांवरून गणिताने काढतात. ट्रायग्लिसराईड ४०० च्या वर असेल तर ते नेहमीचं गणित चुकतं. तेव्हा डॉक्टरांना विचारून 'डायरेक्ट एलडीएल' करून घ्या.

मग बघायचं की खाणं बदलायच्या आधी डॉक्टरकडे जायला हवंय का. खालीलपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर, स्वयंपाकघर नंतर:

- एलडीएल १९० किंवा त्याच्या वर. हे बऱ्याचदा जन्मजात असतं आणि नुसत्या खाण्याने आवाक्यात येत नाही.
- घरात वडील-भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हार्टचा त्रास झालेला.
- ट्रायग्लिसराईड ५०० च्या वर. इथे स्वादुपिंडाला सूज यायचा धोका असतो, आणि खाण्याचे नियमही वेगळे लागतात.
- स्वतःला डायबेटिस आहे, किंवा हार्ट अटॅक, स्टेंट, पॅरालिसिस होऊन गेलाय.

टीएसएच (थायरॉईडची रक्ताची टेस्ट) केलेलं नसेल तर एकदा करून घ्या. थायरॉईड कमी काम करत असेल तर एलडीएल वाढतं, आणि मग तुम्ही तुपाला दोष देत बसता आणि खरं कारण भलतंच असतं. किडनीचे काही आजार आणि स्टेरॉईडच्या गोळ्या यांनी पण वाढतं.

⚠ कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवायची. 'मी आता पथ्य सुरू केलंय' म्हणून गोळी सोडणं ही या सगळ्यातली सगळ्यात धोकादायक चूक आहे.

२. दोन आठवडे काहीही न बदलता फक्त मोजा

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि नंतर कशाचा उपयोग झाला हे कळायला मार्ग राहत नाही. दोन आठवडे नेहमीसारखंच खा. फक्त एवढं करा.

तेलाची पिशवी किंवा डबा फोडला की त्यावर मार्करने तारीख लिहा, संपला की परत लिहा. १ लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. चार माणसांत १ लिटर १० दिवसांत संपलं तर माणशी रोजचे जवळपास २३ ग्रॅम. तळणाचं उरलेलं तेल फेकलं असेल तर तेवढं वजा करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबात बैठं काम करणाऱ्या पुरुषाला वरून घातलेलं तेल-तूप-लोणी सगळं मिळून दिवसाला साधारण २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम पुरतं. सगळं मिळून म्हणजे त्यात तूप पण आलं, लोक इथेच फसतात, तेल मोजतात आणि तूप वेगळं धरतात.

तुपाची बरणी, लोण्याचं पाकीट यांनाही तसंच करा. मग दूध. दूध किती येतं, कुठलं येतं, साय कोण खातं, दही कशाचं लागतं, तेही लिहा. आणि बाहेरचं: वडापाव, खारी, पॅटिस, फरसाण, ऑफिसमधल्या वाढदिवसांचा केक. लपवू नका, हा कागद कोणालाच दाखवायचा नाहीये.

तपासा: दोन आठवड्यांनी तुमच्याकडे माणशी तेल, माणशी तूप, माणशी दूध आणि बाहेरचं किती वेळा असे चार आकडे असले पाहिजेत. नसतील तर पुढे जाऊ नका, अजून एक आठवडा मोजा.

३. सॅच्युरेटेड फॅट कुठून येतंय ते शोधा

थोडक्यात कारण सांगते म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. लिव्हरच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल आत ओढून घेणारे रिसेप्टर असतात. सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तूप-साय-खोबऱ्यात जास्त असतं ते, जास्त झालं की हे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. अनसॅच्युरेटेड फॅट, त्यातही करडई-सूर्यफूल-सोयाबीन-जवस यातलं पॉलीअनसॅच्युरेटेड, याचा परिणाम उलटा होतो. ट्रान्स फॅट सगळ्यात वाईट, ते एलडीएल वाढवतं आणि वर एचडीएल खाली आणतं. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम बहुतेकांत सॅच्युरेटेड फॅटपेक्षा बराच कमी असतो, म्हणून अंड्यावर राग काढून साजूक तुपाचे लाडू खाणं हे उलटं गणित आहे. एका अंड्यात सॅच्युरेटेड फॅट दीड ग्रॅमच्या आसपास, दोन छोटे चमचे तुपात ६ ग्रॅम.

आता घरातल्या वस्तू, १०० ग्रॅम फॅटमध्ये सॅच्युरेटेड अंदाजे किती:

- खोबरेल तेल: ८५ ते ९०
- साजूक तूप आणि दुधाची साय: ६० ते ६५
- पामतेल: ४५ ते ५०, पामोलिन त्याहून थोडं कमी
- राईसब्रॅन: २० च्या आसपास
- शेंगदाणा तेल: १७ ते २०
- तीळ आणि सोयाबीन: १५ च्या आसपास
- सूर्यफूल: ११
- करडई, जवस: ९ ते १०
- मोहरी: ७ ते ८

पुण्यातल्या घरांमध्ये मला सगळ्यात जास्त सॅच्युरेटेड फॅट कुठे सापडतं माहितीये? तेलात नाही, दुधात. म्हशीच्या दुधात किंवा फुल क्रीम पिशवीत ६ टक्के फॅट असतं. माणशी ३५० मिली धरा, चहा तीन वेळा, दही, रात्री कपभर, सहज होतं. म्हणजे २१ ग्रॅम फॅट, त्यातलं १३-१४ ग्रॅम सॅच्युरेटेड. आणि लोक येऊन सांगतात की आम्ही तूप खातच नाही.

एक नमुना हिशेब बघा. १८०० कॅलरी खाणारा माणूस. फुल क्रीम दूध ३५० मिली म्हणजे १३.५ ग्रॅम, तूप २ छोटे चमचे म्हणजे ६, शेंगदाणा तेल २५ ग्रॅम म्हणजे ४.५, भाजी-आमटी-चटणीतलं ओलं खोबरं १० ग्रॅम म्हणजे ३. एकूण २७ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे २४३ कॅलरी, म्हणजे दिवसाच्या साडेतेरा टक्के. जागतिक आरोग्य संघटना म्हणते १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि एलडीएल खाली आणायचं असेल तर ६ टक्क्यांच्या जवळपास जायला हवं, म्हणजे या माणसाला दिवसाला १२ ग्रॅम. आणि या हिशेबात बाहेरचं काहीच धरलेलं नाही.

तुमचे चार आकडे घ्या आणि असाच हिशेब मांडा. ज्या एका गोष्टीतून सगळ्यात जास्त येतंय तिच्यावर पेनाने गोल करा.

४. काढायचं ते या क्रमाने काढा

एकदम सगळं काढू नका. एकेका आठवड्याने एकेक पायरी.

पहिला आठवडा: वनस्पती तूप आणि बेकरी. खारी, नानकटाई, क्रीमरोल, पॅटिस, बटर, टोस्ट. ट्रान्स फॅटवर आता सरकारी मर्यादा आहे, २०२२ पासून तेल-वनस्पतीत २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे पूर्वीइतकं वाईट राहिलेलं नाही, पण ट्रान्स गेलं तरी पदार्थ घट्ट राहायला त्यात पामचं किंवा तसंच घट्ट फॅट येतं, म्हणजे सॅच्युरेटेड तिथेच. पाकिटावर 'ट्रान्स फॅट शून्य' बघून खूश होऊ नका, खालची सॅच्युरेटेडची ओळ वाचा आणि घटकांमध्ये पामोलिन, वनस्पती फॅट, इंटरएस्टरिफाईड फॅट असं काही आहे का बघा. सुट्या मालावर तर काहीच लिहिलेलं नसतं, तो सरळ महिन्यातून एखाद्या वेळी.

दुसरा आठवडा: दूध. फुल क्रीमवरून टोन्ड वर या, त्यात ३ टक्के फॅट असतं. दोन आठवड्यांनी जमलं तर डबल टोन्ड, दीड टक्का. चहात कोणाला कळत नाही, खरंच सांगते, दह्यात कळतं कारण ते पातळ लागतं, तर दह्याला टोन्ड ठेवा आणि चहाला डबल टोन्ड. गवळ्याकडचंच दूध हवं असेल तर तापवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी साय पूर्ण काढा, दोनदा काढली तर अजून बरं. फक्त त्या सायीचं लोणी कढवून तूप केलं आणि ते याच घरात खाल्लं तर हिशेब जिथल्या तिथे राहतो हे लक्षात ठेवा. ते तूप द्यायला कोणीतरी शोधा.

तिसरा आठवडा: तूप, लोणी, चीज, पनीर. तूप पूर्ण बंद करायची गरज नाही, गरम वरण-भातावर एक छोटा चमचा राहू द्या, म्हणजे ३ ग्रॅम सॅच्युरेटेड. पोळ्यांना लावणं मात्र बंद, कारण तिथे किती गेलं ते दिसतच नाही. १०० ग्रॅम पनीरमध्ये २० ते २५ ग्रॅम फॅट असतं. 'शाकाहारी आहे म्हणून पनीर रोज' हा प्रकार बंद करा, आठवड्यातून एकदा ठीक.

चौथा आठवडा: खोबरं. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ३० ग्रॅम सॅच्युरेटेड, सुक्यात त्याच्या जवळपास दुप्पट. सुक्या खोबऱ्याच्या वाटणावर आमट्या-रस्से करणाऱ्या घरांनी इथे नीट बघावं. वाटण अर्धं करून त्यात भाजलेले तीळ आणि दाण्याचं कूट वाढवा, दाटपणा तसाच येतो. मटण खाणाऱ्यांनी चरबीचे तुकडे आधीच काढून टाका आणि रश्श्यावर आलेला थर चमच्याने उचला, मासे मात्र खुशाल खा, तळून नको.

⚠ हे तीन गैरसमज याच पायरीवर आडवे येतात. 'ए-टू गाईचं तूप' आणि साधं तूप यांच्यात सॅच्युरेटेड फॅट सारखंच असतं. लाकडी घाण्याचं तेल चवीला छान, पण घाण्याने तेलातल्या फॅटचा प्रकार बदलत नाही आणि ग्रॅमही कमी होत नाहीत. आणि खोबरेल तेल झाडापासून मिळतं म्हणून त्यात कोलेस्टेरॉल नसतं हे खरं, ते एलडीएल वाढवतं हेही खरं. 'कोलेस्टेरॉल फ्री' हे कुठल्याही वनस्पती तेलाच्या पिशवीवर लिहिता येईल, त्याला काही अर्थ नाही.

५. रिकाम्या जागी काय भरायचं

सगळ्या लेखातली महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि नेमकी हीच लोक करत नाहीत.

आकडेच देते. दिवसाच्या कॅलरीपैकी १ टक्का सॅच्युरेटेड फॅट काढून त्या जागी पॉलीअनसॅच्युरेटेड घातलं तर एलडीएल सरासरी २ ने खाली येतं (२ टक्के नाही, रिपोर्टमधला आकडा २ ने). मोनोअनसॅच्युरेटेड, म्हणजे शेंगदाणा, तीळ, बदाम यात जे जास्त असतं ते, घातलं तर साधारण दीडने. आणि पोळी-भात-साखर घातली तर सव्वा-एकने, वर ट्रायग्लिसराईड वाढतं आणि एचडीएल कमी होतं ते वेगळंच. म्हणजे मुरमुरे आणि मारीवाल्या माणसाचा रिपोर्ट तसा का येतो ते इथेच आहे.

तर जागा भरायची ती अशी. रोज मूठभर, म्हणजे २५-३० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे किंवा बदाम-अक्रोड, खारवलेले नाही. जवसाची चटणी रोज एक मोठा चमचा, जवस भाजून कुटलेलं असलं पाहिजे, अख्खं गिळलं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. तिळाची चटणी, कारळ्याची चटणी, दाण्याचं कूट घातलेल्या कोशिंबिरी. हे आपलं जुनंच खाणं आहे आणि कोलेस्टेरॉल म्हटलं की लोक पहिलं हेच बंद करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेल कुठलं? एकच असं नाही. दोन तेलं ठेवा. रोजच्या फोडणीला करडई किंवा सूर्यफूल, आणि तळण किंवा जास्त आचेच्या कामाला शेंगदाणा किंवा राईसब्रॅन, कारण पॉलीअनसॅच्युरेटेड जास्त असलेली तेलं जास्त तापवली की लवकर खराब होतात. जवसाचं तेल कधीच तापवू नका. करडईचं घेताना पिशवी बघून घ्या, हल्ली ओलेइक (एक मोनोअनसॅच्युरेटेड फॅट) जास्त असलेली जात पण मिळते, ती वाईट नाही पण तिच्यातून पॉलीअनसॅच्युरेटेड कमी मिळतं.

वरच्या नमुन्यातल्या माणसाचं बघू. दूध तेवढंच पण डबल टोन्ड, म्हणजे ३.५. तूप एक चमचा, ३. तेल २० ग्रॅम, अर्धं शेंगदाणा अर्धं करडई, जवळपास ३. खोबरं चमचाभर, १. आणि नवीन आलेले ३० ग्रॅम शेंगदाणे, २. झाले साडेबारा ग्रॅम, म्हणजे सव्वासहा टक्के. साडेतेरावरून सव्वासहावर आला, सात टक्क्यांची बदली झाली, एलडीएल सरासरी १२ ते १४ ने खाली यायला हवं. एवढंच? हो, नुसत्या फॅटच्या बदलीने एवढंच, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर १६० चं १०० होईल अशी आशा धरून माणूस निराश होतो. उरलेलं काम पुढच्या पायऱ्या करतात.

तपासा: चार दिवस बिस्किटं, मुरमुरे, राजगिरा लाडू, साखरेचा चहा, भात यातलं काही आधीपेक्षा वाढलंय का? वाढलं असेल तर पाचवी पायरी झालेली नाही.

६. एकूण प्रमाण

प्रकार सुधारला म्हणून हात सैल सोडायचा नाही. कुठल्याही तेलाच्या छोट्या चमच्यात साडेचार ग्रॅम आणि ४० कॅलरी असतात, वजन वाढलं तर ट्रायग्लिसराईड त्याच्याबरोबर वर जातं. सकाळी दिवसभराचं तेल एका वाटीत मोजून काढा, चार माणसांना ८० ते ९० ग्रॅम, म्हणजे १८ ते २० छोटे चमचे, आणि स्वयंपाक त्यातूनच करा. बुधली वाकडी करून फोडणीत ओतायची सवय याच उपायाने जाते, बाकी कशाने जाताना मी बघितली नाही.

उलट टोकालाही जाऊ नका. झिरो-ऑइल करणाऱ्यांना पोट भरल्यासारखं वाटत नाही, मग ते पोळी-भात वाढवतात, पुढचं वर सांगितलंच. आणि वजनासाठी किटो (पोळी-भात जवळपास बंद, फॅट भरपूर) करून रोज तूप-लोणी-चीज खाणाऱ्यांपैकी काहींचं एलडीएल एकदम खूप वर गेलेलं दिसतं, वजन उतरलं असलं तरी. तुम्ही ते करत असाल तर महिन्या-दीड महिन्यात एकदा तपासा.

तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. एकदा गाळून दोन दिवसांत भाजीला संपवा, काळं पडलं किंवा वास आला तर टाकून द्या, नाल्यात किंवा बेसिनमध्ये नको.

७. फायबर घाला, नाहीतर अर्धं काम राहतं

विरघळणारं फायबर पित्तातले आम्ल बांधून बाहेर नेतं, ते परत बनवायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं, त्यामुळे एलडीएल खाली येतं. रोज ५ ते १० ग्रॅम जास्तीचं गेलं तर ५ टक्क्यांच्या आसपास उतरतं. राजमा, हरभरे, मसूर, वाटाणे यातलं काही रोज वाटीभर, भेंडी, वांगं, गाजर, पेरू सालासकट, सफरचंद. ओट्स खायचे तर कोरडे ७० ग्रॅमच्या आसपास लागतात, दोन चमचे दुधात टाकून काही होत नाही. इसबगोल रोज १० ग्रॅमपर्यंत, मोठ्या ग्लासभर पाण्यातून, आणि थायरॉईडची किंवा कुठलीही गोळी असेल तर दोन तासांचं अंतर ठेवून. फायबर हळूहळू वाढवा, पहिल्याच दिवशी सगळं घेतलं तर पोट फुगतं आणि माणूस सोडून देतो.

८. बाहेर खायचं तर

पुण्यात राहून बाहेर खाऊ नका हे सांगण्यात अर्थ नाही. मिसळ खा, पण तर्री बाजूला काढायला सांगा, सॅम्पल दुसऱ्यांदा घेऊ नका, आणि पावाला बटर नको म्हणा. मोड आलेली मटकी चांगलीच आहे. पावभाजीत वरून आणि आतून दोन्हीकडून बटर असतं, सांगितलं तर कमी घालतात. साबुदाणा खिचडीत दाणे असतात म्हणून ती चालते असं नाही, साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च आणि वर तूप, ट्रायग्लिसराईड जास्त असलेल्यांनी उपवासाला राजगिरा, भगर, दही, फळ असं बघावं. मस्तानी, श्रीखंड, बासुंदी ही सणाला. फरसाणचा डबा टेबलावर ठेवूच नका, तो समोर असला की हिशेब राहत नाही.

आठवड्यात दोन वेळा बाहेरचं हे बहुतेकांना झेपतं. त्यापेक्षा जास्त असेल तर घरातल्या दुधा-तुपाची केलेली सगळी काटकसर तिथे जाते.

९. पुन्हा टेस्ट कधी आणि कशी

खाणं बदललं की एलडीएल तीन-चार आठवड्यांत नव्या पातळीला येतं, पण सगळ्या पायऱ्या बसायलाच महिना जातो, म्हणून चौथा आठवडा संपल्यापासून ८ ते १२ आठवड्यांनी टेस्ट करा. दर पंधरा दिवसांनी करून पैसे घालवू नका.

- लॅब तीच ठेवा.
- पहिली टेस्ट उपाशीपोटी केली असेल तर ही पण तशीच, ९ ते १२ तास, पाणी चालतं.
- ताप, मोठं इन्फेक्शन, ऑपरेशन होऊन गेलं असेल तर महिना-दीड महिना थांबा, आजारपणात एलडीएल खोटं कमी दिसतं.
- आधीचे दोन-तीन दिवस दारू नको, ट्रायग्लिसराईड वर जातं.
- दिवाळी किंवा गणपतीनंतर लगेच नको.
- लॅबमध्ये पोचल्यावर पाच-दहा मिनिटं बसा, मग रक्त द्या.

⚠ टेस्टच्या आधीचा एक आठवडा कडक पथ्य करून रिपोर्ट चांगला आणायचा प्रयत्न करू नका. डॉक्टर त्यावरून गोळीचा निर्णय घेणार असतात.

रिपोर्ट आला की आधी हे लक्षात घ्या की काहीही न बदलता पण एलडीएल ५ ते १० टक्के इकडेतिकडे होतं. १४० चं १३४ झालं म्हणजे यश आलं असं नाही, आणि १४० चं १४५ झालं म्हणजे वाया गेलं असंही नाही. १५० चं १३० झालं आणि पुढच्या टेस्टला पण तिथेच राहिलं तर तो खरा फरक.

एलडीएल उतरलं पण ट्रायग्लिसराईड वाढलं असेल तर पाचव्या पायरीवर परत जा, फॅटच्या जागी पीठ-साखर आलेली आहे. ट्रायग्लिसराईड उतरलं पण एलडीएल तसंच असेल तर तिसरी पायरी परत करा, दूध किंवा खोबरं कुठेतरी सुटलंय, बहुतेक दूधच. दोन्ही तसंच असेल तर परत दोन आठवडे तेलाच्या डब्यावर तारखा लिहा, आकड्यात सापडतं. आणि सगळं नीट केलंय, कागदावर दिसतंय, तरी एलडीएल हलत नाही असं झालं तर स्वतःला दोष देऊ नका, एकाच खाण्याला प्रत्येकाचं शरीर वेगळा प्रतिसाद देतं आणि त्यातला मोठा भाग आई-वडिलांकडून आलेला असतो. तो दोन आठवड्यांचा कागद, दोन्ही रिपोर्ट आणि आता काय खाता त्याची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा, लिपोप्रोटीन-ए (रक्तातला एलडीएलसारखाच एक कण) ही टेस्ट आयुष्यात एकदा करायची का ते विचारा, कारण ते खाण्याने फारसं हलत नाही, आणि गोळी सुचवली तर ती घ्या आणि खाणं आहे तसंच चालू ठेवा.